दिसणार नाही असा चष्मा

काच घासली की पूड पडते. संध्याकाळी झाडून टाकावी, तर सकाळी टेबलाखाली चिमूटभर पुन्हा असतेच! आमच्या दुकानातले किस्से असेच साठत गेले. लिहून काही ठेवलं नाही, पण चार मित्र जमले की ते अजून कुठल्यातरी कोपऱ्यातून निघतात.

दुकान सोलापुरात, मंगळवार पेठेत. मालकांचं नाव शिवलिंगप्पा, पण सारं गाव त्यांना चष्मेवाले अण्णा म्हणायचं. अण्णा पुढे डोळे तपासायचे आणि मी मागच्या खोलीत चाकावर काचा घासून फ्रेममध्ये बसवायचो. म्हणून त्यांनी माझं नाव ‘घाशा’ ठेवलं होतं. मी चांगला दोन पोरांचा बाप, पण गिऱ्हाइकासमोरसुद्धा घाशाच!

अण्णांचा नियम एकच. “घाशा, एकाच्या डोळ्यांची गोष्ट दुसऱ्याच्या कानाला सांगायची नाही.” आज सांगतोय ते त्यांची माफी मागूनच.

*

भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, तो बाळबोध लिपीतला. वैरागच्या एका अडतीवरचे मुनीम आले आणि तक्ता बघून म्हणाले, “हे पोरांचं झालं. आमचा सारा जन्म मोडीत गेला. मोडी दाखवा.”

अण्णांनी हौसेनं एका म्हाताऱ्या कुलकर्ण्यांकडून मोडीतला तक्ता लिहून घेतला. आठ दिवसांनी मुनीम पुन्हा आले, खुर्चीत ऐसपैस बसले. पहिली ओळ झाली, दुसरीवर अडले.

“अण्णा, डोळे माझे चांगले हायत. लिहिणाऱ्याचा हात वाईट हाय.”

अण्णांनी मुनिमांच्या नाकावर तपासणीची फ्रेम चढवली आणि एकेक काच घालत गेले. चौथ्या काचेला मुनीम खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचत गेले.

“हां! आता कसं अक्षर सुधारलं बघा!”

*

जेऊरहून पाच म्हातारे एकाच गाडीनं आले. पाचांत मिळून एक चष्मा हवा होता.

अण्णा म्हणाले, “अहो, प्रत्येकाचा नंबर वेगळा असतो. पाच जणांना पाच चष्मे लागतील.”

“देवळात पोथी एक हाय. मग चष्मे पाच कशाला?”

“बरं. मग जो वाचणार त्याचेच डोळे तपासतो. कोण वाचणार?”

पाचही जण एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी त्यातला थोरला अण्णांच्या कानाशी लागला. “त्याच्यावरनं तर वरीसभर भांडान चाललंय. ज्याला चष्मा बसंल त्यो वाचणार, असं ठरवून आलोय. तुमीच काय ते निवडा की!”

*

ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांचं काय करायचं? त्यावर अण्णांनी एक युक्ती काढली. पांढऱ्या कापडावर काळे दोरे शिवले. वरच्या ओळीत सुतळीएवढे जाड, खाली खाली बारीक होत केसाएवढे. मधेच एखादा दोरा तोडून ठेवला. कुठला तुटलाय ते बोटानं दाखवायचं. साखर पेठेतल्या विणकरांना हा तक्ता फार आवडला. शाळा नको, मास्तर नको!

त्या तक्त्यासमोर एकदा नरसय्या बसला. पंचविसेक वर्षं एकाच मालकाच्या मागावर लुगडी विणणारा माणूस. पहिल्या दोन ओळी त्यानं सांगितल्या. तिसरीवर बोट फिरायला लागलं. शेजारी त्याची बायको लक्ष्मव्वा उभी होती. ती म्हणाली, “तार तुटली की हे मलाच हाक मारत्यात. मी सुताच्या कांड्या भरायचं सोडून जाते आन् सांधून देते. किती दिवस झाकायचं?”

अण्णांनी काच घातली. नरसय्याचं बोट केसाएवढ्या दोऱ्यावर जाऊन नेमकं थांबलं. तोंडावर हसू आलं आणि लगेच मावळलं.

“अण्णा, दिसणार न्हाय असा चष्मा द्या.”

“म्हणजे?”

“मला दिसू द्या, पण मी घातलेला मालकाला दिसू नये. नजर गेली म्हणून माग काढून घेतील हो! ह्या वयात दुसरा कोण देणार?”

मला हसू आलं होतं ते घशातच राहिलं. असा चष्मा आम्ही कुठून आणणार? शेवटी लक्ष्मव्वानंच तोड काढली. नरसय्यानं चष्मा डोक्याच्या रुमालात ठेवायचा. मालक नसले की डोळ्यांवर घ्यायचा. ती दाराशी चरख्यावर कांड्या भरत बसते. मालक येताना दिसले की ती खोकणार!

*

चष्मा लपवायची तऱ्हा तेव्हा घरोघरी होती. वडीलधाऱ्यांसमोर चष्मा घालणं म्हणजे त्यांच्यासमोर विडी ओढण्यासारखं. गिरणीच्या ऑफिसातला एक तरुण कारकून आमचं गिऱ्हाईक. एकदा तो वडलांनाच डोळे तपासायला घेऊन आला, अर्थात बिनचष्म्यानं. आत येताना दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं!

तो पाणी प्यायला मागे गेला, तेव्हा वडलांनी अण्णांना हळूच विचारलं, “पोराचा चष्मा तुमच्याकडचाच ना?”

अण्णा काचा पुसत राहिले. नियम म्हणजे नियम.

“नाकाच्या दोन बाजूंना दोन डाग असतात त्याच्या. चष्मा खिशात ठेवता येतो, नाक कुठं ठेवणार? गल्लीच्या कोपऱ्यावर तो चष्मा काढतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून त्याच्या यायच्या वेळेला मी ओट्यावर बसतच नाही. उगाच ठेचकाळायचा बिचारा.”

*

केम गावची एक बाई सासूला घेऊन आली होती. सासूला मोतीबिंदू होता. अण्णांनी चष्मा विकला नाही. सरकारी दवाखान्याची वाट सांगितली आणि डोळ्यांत मध घालू नका म्हणून दम भरला. जाता जाता सुनेकडे बघून म्हणाले, “बाई, तुम्ही डोळे बारीक करून का बघता? बसा जरा.”

काच लावून तिला दाराशी उभं केलं. समोर कडुलिंब होता. बाई बघतच राहिली.

“पानं अशी सुटी सुटी असत्यात व्हय?”

बाहेर दीर टांगा घेऊन खोळंबला होता. गाडीची वेळ झाली म्हणून ओरडत होता.

“थांबा की भावजी,” ती म्हणाली, “अजून वरली फांदी राहिलीय.”

*

आणि एका दुपारी नरसय्याचे मालक, अंबादासशेठ, दुकानात आले. मी तयार काच द्यायला पुढे आलो होतो. लक्ष्मव्वाचा खोकला कमी पडला की काय?

शेठनी दार निम्मं लोटलं. आवाज खाली आणला. “अण्णा, जवळचं जरा धूसर दिसतंय.”

अण्णांनी दोऱ्यांचा तक्ता पुढे केला. शेठही तिसऱ्या ओळीवरच अडखळले! नंबर निघाला, फ्रेम निवडून झाली, तरी शेठ उठेनात. मग रस्त्याकडे एकदा बघून म्हणाले, “दिसणार नाही असा एखादा मिळेल का हो? मालकाला तार दिसत नाही हे कळलं, तर उद्या कुणीही कसलंही कापड माझ्या गळ्यात मारील!”

मी मागच्या खोलीत पळालो आणि तोंडात धोतराचा सोगा कोंबला. शेठ गेल्यावर अण्णांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “अण्णा, नरसय्याला एवढं कानात सांगू? जिवाचा घोर तरी जाईल बिचाऱ्याचा.”

“घाशा, नियम!”

दिवाळीच्या तोंडावर बायकोसाठी लुगडं घ्यायला मी शेठच्या कारखान्यात गेलो. शेठ मला घेऊन आत शिरले आणि दाराशी बसलेली लक्ष्मव्वा खोकली. नरसय्याचा हात चटकन रुमालाकडे गेला. पुढच्या फेऱ्याला तार तुटली.

शेठ वाकले. “कुठं तुटली?”

“हितंच, मालक.”

“ही का?”

“ती न्हाय. ही... न्हाय, तिच्या पलीकडची.”

दोघंही मागावर ओणवे झाले. चार हातांची वीस बोटं ताण्याच्या उभ्या तारांवर चाचपडत होती. नरसय्याच्या कपाळावर घाम आला होता. शेठ डोकं कधी मागे नेत होते, कधी पुढे. मला दोघांचंही ठाऊक होतं आणि बोलायची चोरी! इतका कठीण नियम जन्मात पाळला नसेल.

लक्ष्मव्वाचा चरखा थांबला. ती उठून आली. एकदा नवऱ्याच्या नाकाकडे बघितलं, एकदा मालकाच्या. मग बोट घालून तुटलेली तार अलगद वर काढली आणि तशीच धरून उभी राहिली. सांधली मात्र नाही.

“तुमी रुमाल सोडा,” ती नवऱ्याला म्हणाली, “आन् मालक, तुमी खिशात हात घाला. दोघांच्याबी नाकावर तसलेच दोन डाग हायत. मला बिनचष्म्याचं दिसतंय!”

सगळ्या कारखान्यातले माग थांबले. नरसय्या मान खाली घालून उभा.

मग शेठचा हात खिशात गेला. चष्मा डोळ्यांवर चढला. त्यांनी लक्ष्मव्वाच्या बोटातली तार बघितली, कापडाचा काठ टोकापर्यंत बघितला आणि सावकाश मान वर केली.

“नरसय्या, तुझा नंबर किती रे?”