वहिनींची बॅटरी

दुसऱ्याच्या हाती गाडी द्यायची तर माणसं किल्ली देतात. आमच्या वहिनी किल्ली गाडीतच लटकत ठेवायच्या आणि बॅटरी काढून घरी न्यायच्या. साठी ओलांडलेली बाई, पदर कमरेला खोचलेला, बॅटरी दोन्ही हातांनी पोटाशी धरून खळ्यातून, म्हणजे पुढच्या अंगणातून, चालत येते आहे, हे दृश्य मी इतक्या वेळा आणि इतक्या रागाने पाहिलं आहे की ते आता मरेपर्यंत डोळ्यांसमोरून जायचं नाही. त्यांच्या पडवीत एक घडवंची होती. तिच्यावर पूर्वी पाण्याचे हंडे असत. वहिनींनी हंडे खाली जमिनीवर उतरवले आणि घडवंची बॅटरीला दिली.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ती जुनी डिझेल जीप दादाने आणि मी मिळून घेतली होती. आमच्या हापूसच्या बागा वर सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावर, आणि वर जायची वाट म्हणजे कातळातल्या खाचा आणि सुटे दगड. चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीशिवाय आंबा खाली येत नाही. दादा गेला आणि लगेच वाटण्या झाल्या. घराच्या मधोमध भिंत आली, कलमं मोजून वाटली, विहिरीवर कुणी कधी पाणी भरायचं तेसुद्धा ठरलं. जीप तेवढी कापता येईना. मी म्हटलं, विकून टाकू. वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला विकायची तर तुमची अर्धी विका, भावोजी." शेवटी वार लावून घेतले. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार माझे. रविवारी जीप कुणाचीच नाही, ती आपली खळ्यात उभी.

एका मंगळवारी सकाळी जीप सुरू होईना, बॅटरी उतरलेली. मी म्हटलं, काल तुम्ही दिवे चालू ठेवलेत. त्या म्हणाल्या, मी अंधार पडायच्या आत घरी येते, दिवे तुम्हाला लागतात. आमचे आवाज खालच्या वाडीपर्यंत गेले असणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी रत्नागिरीत जाऊन स्वतःची नवीकोरी बॅटरी आणली. "तुमची तुमच्याकडे ठेवा. मेली उतरली, तर कुणी उतरवली ते तरी कळेल." तेव्हापासून ज्याचा वार त्याची बॅटरी. संध्याकाळी आपली काढायची, घरी न्यायची. गावात लोक हसायचे. मीही हसलो असतो, पण त्या बाईसमोर हसायची सोय नव्हती.

उगाच गोड बोलायचं कशाला? वहिनींनी ठाण्याला मुलाकडे जावं असं मला मनापासून वाटे. मुलगा बोलवत होता, तिथे लिफ्ट होती, सून चांगली होती. त्या गेल्या असत्या तर त्यांची बाग कंत्राटदाराकडे गेली असती आणि जीप सगळे वार माझी झाली असती. वहिनींना नेमकं तेच नको होतं. कंत्राटाने दिलेल्या बागेत माणूस फळं ओरबाडून नेतो आणि झाडांकडे ढुंकून बघत नाही, असं त्या म्हणत. दादाने लावलेली कलमं होती ती. आपण वर जातो तोवर बाग आपली, आणि जीप चढते तोवर आपण वर जातो, इतका त्यांचा हिशोब सरळ होता. म्हणून त्या जीपवरचा हक्क सोडत नव्हत्या आणि म्हणून मला त्या नकोशा झाल्या होत्या.

एका पावसाळ्यात जीप वरच्या वळणावर रुतली आणि ती काढायला त्यांना मला हाक मारावी लागली. मी गेलो, ट्रॅक्टर बोलावून गाडी काढून दिली, आणि वर दोन शब्द ऐकवले. ते त्यांना लागले. पाऊस ओसरल्यावर त्यांनी जीपच्या पुढच्या बंपरवर विंच बसवून घेतला. त्याची तार झाडाला अडकवायची, बटण दाबायचं, गाडी स्वतःलाच ओढत वर येते. पुन्हा माझं तोंड बघायला नको. पण विंच वीज फार खातो, साधी बॅटरी त्याला पुरेना. तेव्हा मिरकरवाड्याच्या बंदरात मच्छीमार बोटींना बॅटऱ्या पुरवणारा एक जण आहे, त्याच्याकडून त्यांनी एक भलीमोठी बॅटरी आणली. ती जीपमधल्या जागेत मावेना. मांडवीहून एक वेल्डर बोलावला आणि मला न विचारता बॅटरीचा ट्रे कापायला घेतला.

मी धावत खळ्यात गेलो. म्हटलं, "वहिनी, गाडी सामाईक आहे. अर्धा ट्रे माझा आहे."

"अर्धाच कापलाय," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मी पडवीच्या पायरीवर बसून सगळं बघितलं, नुसती चूक शोधायला. वेल्डरने लोखंडी पट्ट्यांचा नवा ट्रे जोडला, खाली जुन्या ट्यूबचं रबर अंथरलं, बॅटरी ठेवली, वरून आडवी पट्टी टाकून दोन्ही बाजूंचे आकड्याचे बोल्ट आवळले. "झालं, वहिनी." वहिनींनी बॅटरीचा कोपरा धरून हिसका दिला. "हलतंय." तो म्हणाला, गाडीच आहे, जराशी हलणारच. "गाडी हलू दे. बॅटरी नको हलायला. आमची वाट बघितली नाहीस तू." त्याने पुन्हा आवळलं. त्यांनी पुन्हा हिसका दिला. असं चाललं होतं.

मग त्या आत गेल्या आणि हातात तांदळाच्या उकडीचे दोन गोळे घेऊन आल्या. सकाळच्या भाकरीसाठी काढलेल्या उकडीतलेच. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर एकेक गोळा ठेवला, बॉनेट सावकाश बंद केलं आणि उघडलं. एक गोळा जरासा बसला होता, दुसरा पापडासारखा चपटा. "बघ. इथे बॉनेट लागतंय. दगडावर गाडी आपटली की इथेच ठिणगी उडणार." वेल्डरने वाकून बघितलं. मग ट्रे सोडवून आणखी खाली जोडला. दुसऱ्या खेपेला दोन्ही गोळे जसेच्या तसे राहिले, तेव्हा वहिनींनी जाड तारा जोडू दिल्या, पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी, आणि टोकांना व्हॅसलीन चोपडलं. मला चूक सापडली नाही, याचा मला रात्रीपर्यंत राग होता.

एक समाधान होतं की एवढं धूड काही त्यांना रोज उचलवणार नाही. पण संध्याकाळी बघतो तर बॅटरी निघालीच होती. एका बाजूने वहिनी, दुसऱ्या बाजूने माझी सख्खी बायको. मी घरात विचारलं, हे काय? ती म्हणाली, "तुमचं भांडण आहे. माझी जाऊ आहे ती."

हिसका देऊन बघायची ती खोड त्यांना सगळीकडेच होती. फाटकाचा खांब, विहिरीचा रहाट, माझ्या मुलीच्या लग्नातला मांडव, सगळं हलवून बघायच्या आणि सगळ्यांसमोर निकाल द्यायच्या. "हलतंय म्हणजे बसलेलं नाही." मांडवाचा खांब हलला तेव्हा वरपक्षाची माणसं चहा पीत होती. मी दात ओठ खात होतो. त्यांनी दोन गडी बोलावून खांब पुन्हा रोवून घेतला, आणि मला म्हणाल्या, "पोरीच्या डोक्यावर पडला असता म्हणजे कळलं असतं."

आता त्यांच्या मोठ्या ट्रेमध्ये माझी लहान बॅटरी नाचायला लागली. मी काही नवी आणणार नव्हतो. सुंभाने घट्ट बांधली. वहिनी जाता जाता म्हणाल्या, "सुंभ तापला की सैल पडतो, भावोजी." मी ऐकलं नसल्यासारखं केलं. भर मेमधला गुरुवार. जीप आंब्याने भरलेली, मी उतरणीला, आणि बॉनेटखालून धूर. बॅटरी घसरून तिचं टोक ट्रेच्या लोखंडाला टेकलं होतं. मी घाबरून इंजिन बंद केलं, आणि ते पुन्हा काही सुरू झालं नाही. उतारावर सोडून सुरू करावी तर त्या दगडांतून भरलेली गाडी आवरली नसती. ऊन मी म्हणत होतं. आंबा तसाच तापत राहिला तर सगळा वाया.

वहिनी त्या दिवशी पायीच वर गेल्या होत्या, त्या खाली येत होत्या. जीप बघून थांबल्या, आधी एक दगड उचलून मागच्या चाकाला लावला. मी अपमान गिळून म्हटलं, घरची तुमची बॅटरी मिळेल का, तासाभरापुरती? "आज वार तुमचा," त्या म्हणाल्या. "माझी बॅटरी आज मिळायची नाही." आणि चालू लागल्या. त्या बाईला मी त्या उतारावर काय काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही. थोड्या वेळाने खालून चार बायका आल्या. त्यांना वहिनींनीच पाठवलं होतं. त्यांनी डोक्यावरून सगळा आंबा सावलीत नेला. पुढच्या माझ्या वारी बॉनेट उघडलं तर ट्रेमध्ये फणसाच्या लाकडाचे दोन ठोकळे ठेवलेले, माझी बॅटरी घट्ट बसेल अशा बेताने कापलेले. मी विचारलं तर म्हणाल्या, "माझा ट्रे झिजायला नको." आभार मानायला तोंड उघडलं होतं ते मी मिटलं.

पुढे त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि मुलगा त्यांना घेऊन गेला. थोड्या दिवसांसाठी, असं त्या सांगत होत्या. बागेवर तेवढ्यापुरता गडी ठेवला. निघायच्या दिवशी मुलाच्या गाडीत सामान भरलं, आणि सगळ्यात शेवटी बॅटरी. मुलगा म्हणाला, आई, ठाण्याला बॅटरीचं काय काम? "इथे ठेवली तर मेली पडून पडून. येताना चालू बॅटरी हवी मला." ती लिफ्टने वर गेली आणि त्यांच्या बाल्कनीत तुळशीशेजारी राहिली. वहिनी तिला चार्जिंगला लावायच्या, पाणी बघायच्या. आणि सोमवारी मला फोन करायच्या. "भावोजी, आज जीप बाहेर काढली नाहीत ना? माझा वार आहे." मी नाही म्हणायचो. काढलेली असायची, पण नाही म्हणायचो. एका सोमवारी फोन आला नाही, आणि बुधवारी मुलाचा आला.

दिवसकार्य झाल्यावर तो एकटाच गावी आला. गाडीची मागची काच खाली केली तर आत बॅटरी. म्हणाला, "काका, आईने सांगितलंय, ही जीपमध्येच बसवायची. आणि आता काढायची नाही." मी पाना घ्यायला वळलो. तो ओशाळून म्हणाला, "तुम्ही नको. काकांना बसवू देऊ नको, सैल ठेवतील, असं म्हणाली." पोराने जन्मात पाना धरला नव्हता. मी दोन्ही हात मागे बांधून उभा राहिलो, आणि त्याने आईने सांगितलं होतं तसं, एकेक आठवत, आकड्याचे बोल्ट आवळले. मला त्या बाईचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

मग तो म्हणाला, बाग कंत्राटाने द्यायचं ठरतंय, ठाण्याहून काही बघणं व्हायचं नाही. मी म्हटलं, "कंत्राटदार कशाला? मी बघतो बाग."

"नको, काका."

"का?"

तो हात पुसत राहिला. त्याला खोटं बोलता येत नाही, दादासारखाच आहे. "आई म्हणाली होती, काका बाग बघतो म्हणतील. एकदा म्हणाले तर नाही सांग, लोकलाजेला म्हणत असतील. दुसऱ्यांदा म्हणाले तर दे."

मी वहिनींना मनातल्या मनात जेवढ्या येत होत्या तेवढ्या शिव्या दिल्या. माझी बायको दारात उभी होती, ती माझ्याकडे बघत होती. जीपचं बॉनेट अजून उघडंच होतं.

मी त्याला दुसऱ्यांदा म्हटलं, "मी बघतो बाग."