गार भाकरीचा खुलासा

माझी बायको सुनेच्या जाचाला कंटाळून सोनईला, माहेरी निघून गेली, असं आमच्या भावकीत सगळ्यांना माहीत आहे. ही गोष्ट मीच पसरवली. मी मास्तर होतो, त्यामुळे कोणी पडताळून पाहिली नाही.

झालं होतं ते असं. आमच्या शेवगावच्या घरात बाया पुरुषांच्या नंतर जेवायच्या. मला पेपर वाचत जेवायची सवय. निवृत्तीनंतर तर मी छोट्या जाहिरातीही वाचायला लागलो. तोवर बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी आणि तिची भाकरी टोपलीत गार.

एका दुपारी मी अग्रलेखावर होतो. सून सासूला म्हणाली, "आत्या, बसा तुम्ही. तव्यावरची घ्या. तात्यांचं चालू द्या."

बायको बसली. मी पेपर खाली ठेवला. "हे घर आहे, खानावळ नाही. मी अजून जेवतोय."

बायकोने ती भाकरी संपवली. मग दुसरी घेतली. तीही संपवली. भांडी घासली, पिशवी भरली आणि एसटीत बसली. सोनईला भावाच्या मळ्यात एक खोली रिकामी होती.

लोक विचारायला लागले. "सासू-सुनेचं पटलं नाही," मी म्हणालो. या उत्तरावर कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. सुनेच्या कानावर ते गेलं.  तेव्हापासून ती माझं ताट वाढून झाकून ठेवू लागली आणि माझ्या मुलाबरोबर आधीच जेवू लागली.

यंदा सुनेच्या धाकट्या बहिणीला पाथर्डीचं स्थळ आलं. सगळं जमत आलं आणि तिकडून निरोप आला, थोरलीनं सासू हाकलली, धाकटीचा काय भरवसा? सुनेने माझं ताट झाकता झाकता मला ते सांगितलं.

"तात्या, तिला तो मुलगा आवडलाय," एवढंच वर म्हणाली.

मी सोनईला गेलो. बायको चुलीपुढे जेवत होती. एक भाकरी ताटात, एक तव्यावर. तब्येत सुधारलेली दिसली. मी म्हणालो, चार दिवस घरी चल, लोकांची तोंडं बंद होतील.

"मी आले तर म्हनतील, सून वठणीवर आली. तिचं नाव हाय तसंच ऱ्हाईल. तुमी जाऊन खरं सांगा."

"काय सांगू? भाकरीवरून बायको गेली?"

"गार भाकरीवरनं. नीट सांगा, मास्तर हाय तुमी."

"आणि तू? नंतर तरी येशील?"

"न्हाई. मला हितं लई बरं हाय." तिने तव्यावरची भाकरी उलटली. "बसा. माझं झालं की वाढते."

मी बसलो. जवळ पेपरही नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाथर्डीला मुलाच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं, पेपरासकट. मुलाचे वडील हसले.

"गुरुजी, एवढ्यावरनं कोन घर सोडतं व्हय?"

आत भाकरी थापायचा आवाज चालू होता, तो थांबला. मुलाची आई पिठाच्या हातानेच दारात आली.

"एवढ्यावरनं म्हंजे?" तिने नवऱ्याला विचारलं.

ते पंख्याकडे बघत राहिले. पंखा बंद होता. मग तिनेच मला सांगितलं, "पोरगी आमाला पसंत हाय."

लग्न झालं. भावकीत मात्र आता असं बोलतात की म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, सुनेच्या धाकाने तो काहीही सांगतो. म्हणून हे लिहून ठेवतो आहे. सुनेने सासूला एकदा गरम भाकरी वाढली, याशिवाय तिने काहीही केलेलं नाही.

रविवारी मी सोनईला जातो. बायको आधी जेवते, सावकाश, मग मला वाढते. येताना पेपर आणा, असं तिने बजावलं आहे. जेवताना तिला लागतो.