विसाचा पट

नाशिक जिल्ह्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या गुरुजींइतके फोटो दुसऱ्या कोणी काढले नसतील, आणि त्यांच्याइतका स्वतः फोटोत न सापडणारा माणूसही दुसरा नसेल. हे मी अंदाजाने बोलत नाही. सातपूरच्या एका कारखान्यात तयार माल मोजून नोंदी जुळवणं हे माझं तेवीस वर्षांचं काम. आकडा जुळला नाही तर मला जेवण गोड लागत नाही. एका रविवारी मी त्यांच्या फोनमधले महिनाभराचे फोटो बसून मोजले. चारशे बारा भरले. खिचडीचं पातेलं अठ्ठेचाळीस वेळा, म्हणजे शिजताना एक आणि वाढताना एक, दिवस चोवीस. बाकी हात धुणारी मुलं, शौचालयाचं दार, लावलेली झाडं, आणि शेळीने खाल्लेली झाडं. गुरुजी एकाही फोटोत नाहीत. एकात त्यांची सावली होती. ती मी धरली नाही.

गुरुजी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर शिकवतात. शाळा दोन खोल्यांची, चार इयत्ता, शिक्षक एक. नाशिकहून रोज स्कूटरवर जातात आणि वेळ उरला तर शिकवतात. मुलांच्या आधी शिक्षकाने खिचडी चाखायची आणि चव नोंदवहीत लिहायची, असा नियम आहे. बरीच वर्षं तो पाळल्यामुळे गुरुजींना आता कुठलंही अन्न नुसतं खाता येत नाही. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात ते पंगतीच्या आधी थेट आचाऱ्याकडे गेले, मसालेभात चाखला आणि घड्याळाकडे बघत अर्धा तास उभे राहिले. कोणाला काही होतंय का ते बघायला तेवढा वेळ द्यावा लागतो म्हणे. व्याह्यांच्या भावाने मला हळूच विचारलं, "हे कोण? हॉलचे मालक का?" तेवढ्यात गुरुजींनी जाहीर केलं, "वाढायला हरकत नाही!" आमच्या घरी उसळ खाल्ली तरी ते म्हणतात, "वहिनी, मीठ योग्य, दाणा पूर्ण शिजलेला, खडे आढळले नाहीत." सव्वीस वर्षांच्या संसारात याहून सविस्तर कौतुक न ऐकलेली माझी बायको अशा वेळी माझ्याकडे बघते.

शिकवण्याशिवायची त्यांची कामं मी एकदा लिहून काढली होती. मतदार मोजणे, शाळेबाहेरची मुलं मोजणे, शौचालयं मोजणे, आणि हे सगळं मोजल्याची माहिती अकराच्या आत पाठवणे. रेंज मात्र शाळेमागच्या टेकडीवर, मोहाच्या एका झाडाखालीच येते. मुलांना एकटं सोडायचं नाही, म्हणून गुरुजींबरोबर रोज अख्खी शाळा टेकडी चढते. चढताना पाढे, उतरताना कविता. पाढे एकोणतीसपर्यंत पाठ आहेत, कारण टेकडी तेवढीच उंच आहे. वर पोचल्यावर पोरं ओरडतात, "गुरुजी, दोन काड्या आल्या!" आणि गुरुजी राज्याच्या शिक्षणाची प्रगती वर पाठवतात.

मी विचारलं, "मग शिकवता कधी?"

"भाऊसाहेब, पोरं हुशार आहेत. माझ्यावाचून अडत नाहीत."

यंदा जानेवारीत आदेश आला. हजेरीचं नवं ॲप फोटोतले चेहरे स्वतः मोजणार, आणि महिनाभर ते जी संख्या दाखवेल तोच शाळेचा पट. तो विसाच्या खाली गेला की शाळा बंद, आणि मुलं नदीपलीकडच्या शाळेत. पलीकडे म्हणजे चार किलोमीटर. पावसाळ्यात त्या नदीवरून मोठी माणसंसुद्धा जात नाहीत, हे ॲपला कोणी सांगितलेलं नव्हतं. गुरुजींच्या हजेरीपटावर बरोबर वीस नावं होती. त्यातल्या तिघी बहिणी आईबापांबरोबर निफाडकडे द्राक्षांच्या बागेत कामाला गेल्या होत्या.

पहिल्या दिवशी ॲपने वीस दाखवले.

संध्याकाळी गुरुजी जिना उतरून आमच्याकडे आले. चहाही चाखला नाही. फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, "तुम्ही आकड्यांचे माणूस. मोजा बरं."

मी तीनदा मोजलं. मुलं सतरा. मग चष्मा शोधायला आलेली माझी बायको माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली, "अहो, ते भिंतीवरचे?" मुलांच्या मागे थोर माणसांच्या तीन तसबिरी होत्या. ॲपने त्यांनाही पहिली ते चौथीत बसवलं होतं.

मी हसलो, चांगला डोळ्यांत पाणी येईपर्यंत. गुरुजी हसले नाहीत.

"राहू द्या ना भाऊजी," बायको म्हणाली. "भिंतीवरच्या तिघांनी आयुष्यभर शाळांसाठीच केलं. अजून एक वाचवली तर काय बिघडलं?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सतरा म्हणजे सतरा, गुरुजी."

"तेच म्हणतो," ते म्हणाले आणि वर गेले. नेहमी ते जिन्यावरून 'जय भीम' म्हणून निरोप घेतात; त्या दिवशी विसरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने तसबिरी उतरवून, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवल्या. त्यातल्या एका तसबिरीसमोर गुरुजींच्या घरातली सकाळ उजाडते, एवढं सांगितलं की पुरे. आठवड्याने तपासणीला साहेब आले. त्यांनी मुलांना काही विचारलं नाही, भिंत पाहिली. तिसऱ्या दिवशी नोटीस: थोर व्यक्तींच्या प्रतिमा हटवण्यामागील हेतू सात दिवसांत स्पष्ट करावा. गुरुजींनी खुलासा लिहिला आणि मी तपासून दिला: 'सदर व्यक्ती शाळेच्या पटावर नसल्याने त्यांची हजेरी लागू नये, एवढाच हेतू होता.' साहेब फोनवर म्हणाले, "अहो, वीस येत होते ना? वर कोण मोजत बसलंय? लावा परत." गुरुजींनी लावल्या. पण समोरच्या भिंतीवर, फोन धरून ते उभे राहतात त्यांच्या पाठीमागे. आकडा सतराच राहिला.

एका रविवारी आम्ही माझ्या गाडीतून निफाडला गेलो. तीन बागा शोधल्यावर चौथ्या बागेत त्या बहिणी सापडल्या, वेलीखाली क्रेटमध्ये कागद अंथरत. गुरुजींना बघून थोरली उठून उभी राहिली आणि कोणी न विचारता सतराचा पाढा म्हणू लागली. आईने पदराला हात पुसले.

"धाडा की पोरींना," गुरुजी म्हणाले. "महिनाभर. शाळा राहील."

"कोणापाशी ठेवू, गुरुजी? म्हातारीला दिसत नाय. घरात मोठं माणूसच नाय." मग बागेकडे हात करत, "तुम्ही इथंच शाळा घ्या ना. इथं लय पोरं हायेत."

होती खरी. मी मोजली. नजरेच्या टप्प्यात अकरा. ती कुठल्याच पटावर नव्हती. गुरुजींनी पिशवीतली पुस्तकं तिघींना दिली, बागेच्या मालकाने दिलेला द्राक्षांचा घड हातात घेतला, एक मणी चाखला, आणि काहीच शेरा न देता गाडीत बसले.

द्राक्षांचा हंगाम संपायच्या आत शाळा बंद झाली. शेवटच्या दिवसाची माहिती कोणी मागवलेली नव्हती, तरी संध्याकाळी गुरुजी फोन घेऊन खाली आले. बायकोने चहा ठेवला.

"आज चौथीतली एक पोरगी म्हणाली, गुरुजी, फोन माझ्याकडे द्या, तुम्ही जाऊन बसा. मग आम्ही सगळे तिकडच्या भिंतीला बसलो. मोजा बरं."

मी चष्मा लावला. फोन त्या मुलीच्या हातात, म्हणून मुलं सोळा. वर तीन तसबिरी. आणि मधोमध मांडी घालून, हात कुठे ठेवावेत हे न सुचलेले गुरुजी. खाली ॲपने आकडा दाखवला होता. मी बोट ठेवत पुन्हा एकदा मोजलं, सावकाश, एकही चेहरा न गाळता.

"वीस," मी म्हणालो. "बरोबर आहेत."