आईच्या पाठीचं माप

माझ्या धाकट्या दिरांनी आजवर मला जितक्या वेळा अवाक् केलं आहे, तितक्या वेळा माझ्या लग्नाच्या नवऱ्याला मला साधं चकितही करता आलेलं नाही. मी सहजासहजी हबकणारी बाई नाही. एका शाळेचं ऑफिस सांभाळते. चिडलेले पालक, तपासणी अधिकारी आणि कपाटातून निघालेला साप हे तिन्ही मी एकाच सकाळी निस्तरलेले आहेत. पण भाऊजींपुढे माझं काही चालत नाही. मोजमापाची साधनं बरोबर मोजतात की नाही हे तपासायचं, म्हणजे मापांचंच माप काढायचं, हे काम ते वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं करत आले आहेत, आणि ते संध्याकाळी कारखान्यातच ठेवून घरी येणं त्यांना कधी जमलं नाही. माझ्या पहिल्या दिवाळीत त्यांनी माझी चकली व्हर्नियरने मोजली आणि "वहिनी, बाहेरच्या वेढ्याला जाडी कमी भरतेय" असं अत्यंत आदराने सांगितलं. ऐन उमेदीत मुलगी बघायला गेले, तर पोहे येण्याआधी खिशातून ओळंबा काढून त्यांनी मुलीच्या वडिलांना दाराची चौकट कलती असल्याचं दाखवून दिलं. चौकट खरोखरच कलती होती. लग्न अर्थातच झालं नाही. "खोटं कसं बोलणार?" एवढंच त्यांचं म्हणणं. पण विचारलं कोणी होतं, या माझ्या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेलं नाही.

असा माणूस वयाच्या पन्नाशीत बिघडला. घरात गाडी एकच, तीही बारा वर्षांची, छोटी, राखाडी. तीच त्यांना वाळूजला नेते, माझं दळण आणते, आणि दर मंगळवारी सासूबाईंना मणक्याच्या व्यायामाला सिडकोतून क्रांती चौकाकडे पोचवते. सासूबाई ब्याऐंशीच्या. पाठीचे दोन मणके झिजलेले, कंबरेला पट्टा, आणि डॉक्टरांची सक्त ताकीद, की यांना गचका बसता कामा नये. तर या गाडीला घेऊन भाऊजी एका रविवारी कारखान्यातल्या कुणाबरोबर पुण्याकडच्या ट्रॅकवर गेले. तिथे म्हणे साधी माणसं आपापल्या रोजच्या गाड्या आणतात, हेल्मेट घालतात आणि वळणावळणाच्या रिकाम्या रस्त्यावर मनसोक्त पळवतात. बक्षीस नाही, शर्यत नाही. मी म्हटलं, मग कशासाठी? भाऊजींचा चेहरा असा, की तापबीप आहे का हे बघायला मी कपाळाला हात लावला. "वहिनी," ते हळूच म्हणाले, "वळणावर गाडी कलंडते. कलंडायला नको."

त्यानंतरचं वर्षभर आमच्या घरात स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर यांखेरीज विषय नव्हता. मला इच्छा नसतानाही सगळं पाठ झालं. गाडी मऊ ठेवली तर खड्डे कळत नाहीत, पण वळणावर ती बोटीसारखी डोलते. कडक केली तर वळण चिकटून घेते, पण रस्त्यावरचा प्रत्येक दगड आपल्या पाठीला येऊन भेटतो. हे दोन्ही एकाच गाडीत साधायचं, म्हणजे कुठेतरी मधला बिंदू शोधायचा. दुसरा कोणी असता तर दुकानदाराला विचारून मोकळा झाला असता. भाऊजींनी माप शोधलं, आणि ते माप कोणतं हे कळलं तेव्हा माझ्या हातातलं उलथनं तव्यावर पडलं. वहीत तारीख, स्प्रिंग, टायरची हवा अशा रकान्यांशेजारी सुबक अक्षरात शेवटचा रकाना होता : 'आई'.

दवाखान्याच्या वाटेवर अकरा गतिरोधक आहेत. प्रत्येकावर सासूबाई कण्हतात. नुसतं 'हुं' आलं तर एक गुण, 'अगं आई' आलं तर दोन, आणि थेट देवाचं नाव निघालं तर तीन. बेरीज जितकी कमी तितकं सस्पेन्शन चांगलं. मी त्यांच्याशेजारी मागे बसते, म्हणून नोंद घेण्याचं काम माझ्याकडे आलं. "भाऊजी, जन्मदात्या आईला तुम्ही मीटर केलंत?" मी जवळजवळ ओरडलेच. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "तिच्याइतकं अचूक कुणी नाही, वहिनी. आमच्या कारखान्यातसुद्धा नाही." सासूबाईंना विचारावं, तर त्यांना कोण आनंद! "व्हय की. बसून बसून माझा तरी काय उपेग व्हता?"

पहिल्यांदा त्यांनी नुसत्या आखूड, कडक स्प्रिंग बसवल्या. गाडी चार बोटं खाली बसली आणि पहिल्याच गतिरोधकाला तिचं पोट घासलं. दुसऱ्याला सासूबाई म्हणाल्या, "पोरा, थांब. मी उतरून चालत पलीकडं जाते, तू मागनं ये." त्या खरोखरच उतरल्या. मागे रिक्षांची रांग लागली. बेरीज एकोणतीस झाली आणि स्प्रिंग त्याच संध्याकाळी निघाल्या. जिन्सीतले मिस्त्री, ज्यांच्या हातून हे सगळे प्रयोग होत, कपाळाला हात लावून मला म्हणाले, "भाभी, चालीस साल से गाड़ियाँ खोल रहा हूँ. जिसका काँटा अम्मा हैं, ऐसी गाड़ी पहली बार देखी."

मग भाऊजींनी पुण्याहून पूर्ण संच आणला. स्प्रिंगही कडक, शॉकॲब्सॉर्बरही कडक, आणि वर एक फिरकी. फिरवली की एकेका खटक्याने कडकपणा वाढतो. दर मंगळवारी एक खटका, असा बेत ठरला. आता कडकपणा वाढला की कण्हणं वाढणार, हे माझ्यासारख्या बाईलाही कळतं. पण झालं उलटंच. चौथ्या खटक्याला बेरीज अकरा. सहाव्याला सात. आठव्याला तीन. भाऊजी हरखून गेले. जगातल्या प्रत्येक आकड्यावर संशय घेणाऱ्या या माणसाने हे आकडे मात्र प्रसादासारखे घेतले. हवं तेच उत्तर आलं, की तपासनीसही शेवटी माणूसच असतो.

दहाव्या खटक्याच्या मंगळवारी गतिरोधकावर माझे स्वतःचे दात एकमेकांवर आपटले. सासूबाईंकडून आवाज नाही. दुसऱ्यालाही नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांनी माझं मनगट धरलं आहे आणि माझी बांगडी माझ्याच हाडात रुतते आहे. वळून पाहिलं, तर पदराचं टोक दातांत घट्ट, डोळ्यांत पाणी आणि नजर समोर, लेकाच्या मानेवर. मी हादरले. तोंड उघडणार तोच पदर सोडून त्या माझ्या कानाशी कुजबुजल्या, "गप. सांगू नगंस त्याला."

"आई, पाठ जाईल तुमची!"

"जाऊ दे, गेलेलीच हाय. त्यानं आजवर कंदी काय मागितलं का? माझं दवापाणी करण्यात त्याचं सगळं राह्यलं. एक डाव घेऊ दे की त्याला मनासारकं वळण."

"वहिनी, किती?" पुढून आवाज आला. मी हिशोबी बाई आहे. खोटं बोलणं मला परवडत नाही, कारण ते पुढे लक्षात ठेवावं लागतं. पण आवाज आलाच नव्हता, हेही खरंच होतं. मी म्हटलं, "शून्य."

पुढच्याच रविवारी ते ट्रॅकवर जाऊन आले. गाडी कलंडली नव्हती. तसं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. जेवताना ताटलीवर चमचा फिरवून त्यांनी आईला प्रत्येक वळण दाखवलं, आणि सासूबाई पट्टा सावरत "बरं, मग?" म्हणत राहिल्या. पाठ शेकायला मी रात्रंदिवस पाणी तापवत होते. भाऊजींना सांगितलं, थंडी आहे.

त्या आठवड्यात सासूबाईंच्या बहिणीला भेटायला आम्ही फर्दापूरला गेलो. येताना मी पुढे बसले होते. सिल्लोडच्या अलीकडे असा एक खड्डा लागला, की समोरचा खण उघडून सगळे कागद माझ्या मांडीवर आले आणि खुद्द भाऊजी "अगं आई गं!" असे केकाटले. मागून मात्र 'हुं'सुद्धा आलं नाही, म्हणून त्यांनी आरशात पाहिलं. सासूबाईंच्या दातांत पदर होता.

पुढच्या दोन मंगळवारीही शून्यच आलं. सासूबाई मात्र ताज्यातवान्या दिसू लागल्या. "सवय झाली बघ," त्या मला डोळा घालून म्हणाल्या, "आता तर काईच वाटत नाय." माझा विश्वास बसेना. झिजलेल्या मणक्याला कसली सवय? मी तडक जिन्सी गाठली. मिस्त्री टायरवर हातोडी मारत म्हणाले, "हौ भाभी, वो सेट तो फर्दापूर से आए उसी हफ्ते निकलवा लिए. पुराना माल डाल दिया. बोले, अम्मा को नक्को बोलो."

घरी येऊन मी भाऊजींना धारेवर धरलं. त्यांनी निमूटपणे वही पुढे केली. फर्दापूरच्या तारखेपुढे, 'आई' या रकान्यात, दोन शब्द होते : 'माप बिघडलेलं'.

"शून्य आलं की आम्ही आधी माप तपासतो, वहिनी. वस्तू नंतर. मीच विसरलो."

"मग आईंना सांगत का नाही?"

"तिला वाटतंय मी पळवतोय." ते वही मिटत म्हणाले. "वाटू दे."

तीस वर्षं खरं बोलून लग्न मोडून बसलेला हा माणूस! त्या दिवशी मी जेवढी थक्क झाले तेवढी चकलीच्या वेळीही नव्हते. ते अजून ट्रॅकवर जातात, बोटीसारखी डोलणारी गाडी घेऊन सगळ्यांच्या मागे फिरून येतात. घरी आले की सासूबाई विचारतात, "चिकटून घेतलंस का रं वळण?" "एकदम," भाऊजी म्हणतात. कडक संच माझ्या पलंगाखाली पोत्यात आहे. झाडताना तो सरकवावा लागतो. मी कटकट करत नाही.

परवाच्या मंगळवारीही पहिला गतिरोधक दिसताच सासूबाईंनी सवयीने पदराचं टोक दातांत धरलं. गाडी पाळण्यासारखी वर गेली, खाली आली. त्यांनी पदर सोडला, माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं आणि पुढे वाकून म्हणाल्या, "पोरा, जरा जोरात घे की. मला काय व्हत नाय."

"हो, आई," भाऊजी म्हणाले, आणि त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर आणली.