माडीवरचा गालिचा

आमच्या माडीवर काही अंथरलेलं नसतं. पाहुणे आले तरी नुसत्या फळ्यांवर बसतात. बायको आधी ओशाळायची, आता तीही काही म्हणत नाही.

डोळखांबकडचं आमचं घर. खाली चूल आणि गोठा, वर सागाच्या फळ्यांची माडी. पावसाळा सरला की बाबा गुडघ्यांवर रांगत एकेक फळी ठोकून बघायचे, फटींत रॉकेल सोडायचे. दोन दिवस घरभर वास राहायचा. मला त्याची लाज वाटायची.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझं लग्न ठरलं. मुलगी कल्याणची. तिच्या माणसांना उघड्या फळ्यांवर कसं बसवायचं, म्हणून मी कल्याणहूनच एक मरून रंगाचा गालिचा आणला आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरला. कडा उचलू नयेत म्हणून चारी बाजूंनी लोखंडी चुका ठोकल्या. बाबा जिन्याच्या तोंडाशी उभे राहून बघत होते.

"फळी दिसली पायजे रे. वाळवी लागली तर कळंल कसं?"

"सागाला कुठे वाळवी लागते, बाबा?"

ते खाली गेले. पुढच्या वर्षी त्यांनी एक कड उचकटायला घेतली, तेव्हा मी त्यांच्यावर ओरडलो. पुन्हा त्यांनी हात लावला नाही. एका कोपऱ्यात कौल गळायचं. तिथे गालिचा ओला व्हायचा, कुबट वास यायचा. मी गळतीखाली बादली ठेवायचो आणि विसरायचो.

पाच वर्षं गेली. एका मे महिन्यात, दुपारी, बाबा बियाण्याचं भात काढायला माडीवर गेले. कणगी त्याच कोपऱ्यात होती. मी अंगणात होतो. आधी कडकड आवाज झाला, मग गाय हंबरली. धावत गेलो तर बाबा गोठ्यात पडलेले, कंबर दगडी गव्हाणीवर आदळलेली, अंगावर भात सांडलेलं. वर भोकातून गालिचा लोंबत होता.

ठाण्याला ऑपरेशन झालं, पण बाबा पुन्हा उभे राहिले नाहीत. मी घरी येऊन गालिचा फाडून काढला. खाली वाळवीच्या मातीच्या नळ्याच नळ्या. कोपऱ्यातल्या दोन फळ्या बोटाने दाबल्या तरी भुगा होत होत्या. बाकीचा साग मात्र शाबूत होता.

"कुठली फळी मोडली?" बाबांनी खाटेवरून विचारलं.

"कोपऱ्यातली."

"ती सावरीची, मऊ लाकडाची. साग मिळाला नाय तवा मीच बसवलेली." मग म्हणाले, "माजीच चूक."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. गालिचा माझा होता, हे मी त्यांच्यापुढे एकदाही बोललो नाही.

दिवाळीच्या सुमारास ते म्हणाले, "मला येकदा वर ने." मी आणि शेजारच्या काकांनी त्यांना खुर्चीत बसवून उचललं. जिना अरुंद, उभा. चौथ्या पायरीवर खुर्ची भिंतीला अडली, त्यांची कंबर पिरगळली आणि ते लहान मुलासारखे ओरडले. आम्ही मागे फिरलो. खाटेवर टेकवल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर दोन पावसाळे काढले त्यांनी. वर न्यायला पुन्हा कधी सांगितलं नाही.