सव्वा महिना होऊ दे

"काढलं म्हणू नकोस गं पोरी. घरी बस म्हणालो मी. काढणं वेगळं, घरी बसवणं वेगळं."

एवढं बोलून बाळासाहेबांनी चिवड्यातला एक शेंगदाणा निवडून तोंडात टाकला. टेबलाच्या कोपऱ्याला गुंजन बसली होती, पाच महिन्यांचं पोट सांभाळत. तिने बशीला हात लावला नव्हता.

"काका, दुसऱ्या दिवशी माझ्या शेगडीपाशी दुसरी बाई उभी होती."

"मग गिऱ्हाइकांना काय उपाशी ठेवू? तू पहिलटकरीण. पातेली उचलताना काही झालं असतं तर तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं मी?"

"पातेली उचलणार नाही एवढंच म्हटलं होतं. फोडण्या, मसाले, चिराचिरी... बसून करण्यासारखं काय कमी आहे तिथे?"

दोघांच्या मधल्या खुर्चीत अलकनंदा होती. घर तिचं, चहा तिचा, आणि ही बैठकही तिनेच जमवलेली. डब्लिनच्या सँट्री भागातल्या तिच्या अपार्टमेंटच्या खिडकीबाहेर नोव्हेंबरातल्या रविवारी दुपारी साडेचारलाच अंधारून आलं होतं.

प्रकरण साधं होतं. बाळासाहेबांचं जवळच्या स्वोर्ड्स गावात स्वयंपाकघर. विमानतळाच्या आसपासच्या ऑफिसांना तिथून दुपारचं जेवण जायचं. गुंजन नवऱ्यामागून, आकाशमागून, आयर्लंडला आली आणि दोन वर्षं तिथे राबली. ऑक्टोबरात तिने दिवस गेल्याचं सांगितलं. आठ दिवसांनी, वीस तारखेला, बाळासाहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. कागद नाही, पत्र नाही. मायेने पाठीवर हात ठेवला आणि दार दाखवलं.

गुंजनला आयोगाकडे अर्ज करायचा होता. कामावरून काढलेल्या माणसाला या देशात सहा महिन्यांच्या आत कामगार तंट्यांच्या आयोगाकडे दाद मागता येते. हे तिला सांगितलंही अलकनंदानेच. पण सांगून झाल्यावर ती म्हणाली होती, "आधी बोलून बघू. सहा महिने आहेत हातात."

बोलून बघणं हाच अलकनंदाचा धंदा. पुण्यातल्या कामगार आयुक्तालयात कारकून म्हणून लागली, समेट अधिकारी झाली. पुढे प्रकाशची नोकरी डब्लिनला आली आणि ती बाडबिस्तरा घेऊन 'अवलंबित पत्नी' झाली. चार वर्षं घरात बसली. मग इथल्या विद्यापीठात कामगार कायदा शिकली, एका युनियनच्या मदतकक्षात फोन उचलले, आणि करता करता आता जिथे जिथे कामगार कायदे नव्याने लिहिले जात होते तिथे सल्लागारांचं पथक घेऊन जायची. आज मध्य आशियात, उद्या आफ्रिकेत. तंटा कोर्टात जाण्याआधी कसा सोडवावा हे ती मंत्र्यांना, मालकांना, युनियनवाल्यांना शिकवायची. खुर्च्या समोरासमोर मांडू नका, कोपऱ्याला मांडा, म्हणजे माणसं एकमेकांवर नाही, टेबलावर ओरडतात. आणि जे ठरेल ते उठण्याआधी लिहा, दोघांच्या सह्या घ्या. शाई वाळेपर्यंत चहा देऊ नका.

त्या रविवारी चहा आधीच देऊन झाला होता.

"बरं, बाळासाहेब," अलकनंदा म्हणाली, "मग शब्द द्या. बाळंतपण झालं की गुंजनची जागा गुंजनला."

"दिला की! जागा तिचीच आहे. अहो अलकाताई, आपलेच दात, आपलेच ओठ. परक्या माणसांपुढे कशाला जायचं?"

गुंजन अलकनंदाकडे बघत राहिली. "लिहून?"

बाळासाहेबांचा हात चिवड्यावर थांबला. चेहऱ्यावर राग नव्हता, दुखावल्याची छटा होती. गणपतीत मंडळाच्या महाप्रसादाला हाच माणूस दोनशे पानांचा स्वयंपाक स्वतःच्या शेगड्यांवर करून द्यायचा. त्याच्यापुढे, आपल्या घरात, कागद सरकवायचा?

"गुंजन," अलकनंदा हळूच म्हणाली, "शब्द माझ्या टेबलावर दिलाय त्यांनी."

गुंजन खुर्चीचा आधार घेत उठली. जाताना दारात बूट घालायला वाकता येईना म्हणून बाळासाहेबांनीच खाली बसून तिच्या बुटाचा बंद बांधला.

अठरा मार्चला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. अलकनंदा परदेशातून सुट्टी काढून आली. तिकडे पूर्व आफ्रिकेतल्या एका देशात घरकामगार बायकांसाठी कायद्याचा मसुदा चालला होता. दाद मागायला सहा महिने पुरत नाहीत, या बायकांना वर्ष द्या, म्हणून ती तीन आठवडे समितीशी भांडत होती. बाळंतीण बाई कागद कधी भरणार, असा तिचाच प्रश्न होता. समितीतले दोघे त्यावर खाली बघायला लागले होते.

बारशाला बाळासाहेब सपत्नीक आले. चांदीचे वाळे आणले. पाळण्याची दोरी ओढत म्हणाले, "हिची आई काय वरण करायची! ऑफिसातले गोरे बशा चाटायचे." सगळे हसले.

गुंजनने अलकनंदाला स्वयंपाकघरात गाठलं. केस ओले, कानाला रुमाल बांधलेला.

"ताई, एकोणीस एप्रिलला सहा महिने होतात. अर्ज टाकून ठेवू का? नुसता टाकून ठेवते. मागे घेता येतो ना?"

"घेता येतो. पण गुंजन, माणूस वाळे घेऊन आलाय. बाहेर पाळणा हलवतोय. आज अर्ज टाकलास की उद्या त्याच्या हातात नोटीस. ठरलेलं मोडेल."

"आणि त्यांनी मोडलं तर?"

"तू ओली बाळंतीण आहेस. सव्वा महिना होऊ दे. मग ताठ जा आणि कामावर उभी राहा. जागा तुझी आहे म्हणतात ना ते? मग काढलंच नाही. काढलं नाही तर मुदत कसली सुरू होते?"

हे वाक्य दुसऱ्या कुणी उच्चारलं असतं तर अलकनंदाने त्याच्या चिंधड्या केल्या असत्या. पण तिने बसवलेला समेट वीस वर्षांत एकदाही फिसकटला नव्हता आणि ती ते अभिमानाने सांगायची. गुंजनने मान डोलावली. मोठ्या माणसाने सांगितलं होतं, आणि सव्वा महिना तर तिची आईही फोनवर रोज सांगत होती.

एकोणतीस एप्रिलला गुंजन मुलीला आकाशपाशी ठेवून बसने स्वोर्ड्सला गेली. स्वयंपाकघराच्या दारातच बाळासाहेब भेटले.

"अगं, ये ये! बाळ कसंय?"

"छान. काका, सोमवारपासून येऊ?"

"आता कशी येशील? बाई आहे ना. चांगली आहे बिचारी, तिला काय सांगू?"

"तुम्ही शब्द दिला होता."

"जागा तुझी होती म्हणालो. तू गेलीस, मी काढलं कुठे तुला? तुझ्या मनाने घरी बसलीस. बाईमाणसाने बसावंच. त्यात वाईट काय?"

गुंजनने तिथूनच फोन लावला. अलकनंदा त्या परक्या राजधानीत समितीच्या दालनात बसली होती. ती बाहेर आली, ऐकलं आणि भिंतीला टेकून बोटांवर मोजायला लागली. वीस ऑक्टोबर, वीस नोव्हेंबर... बोटं एकोणीस एप्रिलला येऊन थांबली. दहा दिवस उलटून गेले होते.

"ताई? आहात ना?"

"आहे. अर्ज टाक. आत्ता टाक. उशीर का झाला ते लिही. वाजवी कारण असेल तर मुदत वाढवून देतात."

"कारण काय लिहू?"

"मी," अलकनंदा म्हणाली. "माझं नाव लिही."

सुनावणी सप्टेंबरात लागली. आदल्या संध्याकाळी प्रकाश भांडी पुसत होता आणि अलकनंदा आपली फाइल तिसऱ्यांदा लावत होती.

"जायलाच हवं का?" त्याने विचारलं. "निकाल नावांसकट इंटरनेटवर लागतात. जानेवारीत नवीन पथकाची प्रमुख म्हणून तुझं नाव जायचंय. त्यांनी हे वाचलं तर?"

"वाचू दे."

"बरं, जा. पण मुदतीचं तिला कधी सांगितलंस असं विचारलं तर आठवत नाही म्हण. त्यात खोटं काही नाही. वर्ष होत आलं."

"आठवतंय मला."

"अगं, आठवतंय हे कुणाला दिसतंय?"

अलकनंदाने फाइल मिटली. आपण जाऊन दोष पदरात घेऊ, पोरीचा अर्ज आत जाईल, एवढाच तिचा हिशोब होता. गुंजनला भरपाई नको होती, बाळासाहेबांची माफीही नको होती. ती एकच गोष्ट घोकत होती: मी सोडली नाही, मला काढलं, हे एका सरकारी कागदावर यायला हवं.

खोली लहान होती. खुर्च्या समोरासमोर. बाळासाहेब ब्लेझरमध्ये, शेजारी त्यांचा सल्लागार, करड्या सुटातला मृदू बोलणारा आयरिश माणूस. सुनावणी अधिकारी चष्म्यावरून बघणारी पन्नाशीची बाई. अलकनंदाने सत्य सांगण्याची प्रतिज्ञा घेतली तेव्हा तिचा आवाज फाटला. "यू'र ग्रँड," बाई इथल्या बोलीत धीर देत म्हणाली. "सावकाश."

अलकनंदाने सगळं सांगितलं. चिवडा, शब्द, बारसं. "उशीर तिने केला नाही, मी करवला. तिने माझ्यावर विश्वास ठेवला."

सल्लागार उठला नाही. बसल्या बसल्याच त्याने कागद सारखे केले.

"या क्षेत्रात आपला अनुभव किती?"

"सव्वीस वर्षं."

"दाद मागण्याच्या मुदतीबद्दल आपण सरकारांना सल्ला देता?"

"देते."

"म्हणजे या विषयात आपल्याहून जाणकार माणूस गुंजनला सापडला नसता."

अलकनंदाला सापळा दिसला. उडी मारायला जागा नव्हती. "असं म्हणता येईल," ती म्हणाली.

"मुदत सहा महिन्यांची आहे, हे तिला आपण कधी सांगितलंत?"

गुंजनने मान वर केली. खोलीत कुणीतरी पाण्याचा ग्लास ठेवला. तीन शब्द पुरले असते, आठवत नाही मला. अधिकारी बाईने पुढे काही विचारलंही नसतं. पण प्रतिज्ञेवर खोटं बोलणाऱ्या साक्षीदारांना कसं ओळखायचं, हे अलकनंदा लोकांना शिकवत आली होती. तिच्या तोंडून ते निघालं नाही.

"नोव्हेंबरमध्ये. तिला वेळ उरलेला असताना."

"आणि मार्चमध्ये?"

"मार्चमध्ये तिने स्वतःच मला तारीख सांगितली. एकोणीस एप्रिल."

"धन्यवाद," सल्लागार म्हणाला आणि त्याने टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये बाळासाहेब चहाच्या यंत्रापाशी उभे होते. "अलकाताई, चहा घेणार? इथला बरा असतो म्हणे." त्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

सहा आठवड्यांनी निकाल आला. दोन पानांचा. तक्रारदाराला मुदत माहीत होती. तिला तज्ज्ञ व्यक्तीचा सल्ला उपलब्ध होता. अनौपचारिक बोलणी चालू असणं किंवा कौटुंबिक रिवाज पाळणं हे अर्ज न करण्याचं वाजवी कारण ठरत नाही. अर्ज मुदतबाह्य. गुंजनला काढलं की ती स्वतः गेली, या प्रश्नात शिरण्याचा अधिकार आयोगाला उरत नाही.

त्याच आठवड्यात तिकडच्या संसदेने घरकामगारांचा कायदा संमत केला. एका वर्षाची मुदत, आणि बोलणी चालू असेपर्यंत मुदत थांबलेली. सहकाऱ्यांनी अलकनंदाला अभिनंदनाचे संदेश पाठवले. तिने फोन पालथा ठेवला आणि गुंजनकडे गेली. सँट्रीतच, दोन बिल्डिंगा सोडून.

गुंजनने दार उघडलं. रडलेली दिसत नव्हती. टेबलावर एक फॉर्म पडला होता. नास नावाच्या गावातल्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात जागा निघाली होती.

"गुंजन, मी..."

"बसा, ताई. नको ते. तुम्ही खरं बोललात. खोटं बोलला असतात तर मला आवडलं असतं, पण तुम्ही खरं बोललात. झालं." तिने फॉर्म पुढे ओढला. "मला एक सांगा. इथे लिहायचंय, मागची नोकरी सोडण्याचं कारण. काय लिहू?"

पाळण्यात मुलगी चुळबुळत होती. अलकनंदाने तो रकाना वाचला. काढलं असं लिहिलं तर हॉस्पिटल स्वोर्ड्सला फोन करणार. बाळासाहेब गोड आवाजात सांगणार, मनाने गेली हो, वर माझ्यावर केस केली, टिकली नाही. केस करणारी बाई कुणाला हवी असते? कुणाला नको असते, याची आकडेवारी अलकनंदाकडे देशवार होती.

"ताई, काय लिहू?"

"लिही," अलकनंदा म्हणाली, "स्वेच्छेने सोडली."

गुंजनने पेनचं टोपण काढलं. मग तिने लिहिलं, रकान्याच्या बाहेर एकही अक्षर जाऊ न देता.

"ओळखीच्या माणसाचं नाव मागतील ना? माझं दे," अलकनंदा घाईने म्हणाली.

"नको. तुमचं नाव टाकलं की पहिला तो निकालच येतो. मी बघितलं." मुलगी रडायला लागली होती. गुंजनने तिला उचललं आणि अलकनंदाच्या मांडीवर ठेवलं. "जरा धरा हिला. सही राहिलीय."