आप्पांच्या जबड्यातलं हाड

आमच्या कबनूरच्या शेडमध्ये यंत्रमाग सुरू असले की शेजारच्याचंही बोलणं ऐकू येत नाही. त्यामुळे गोष्टी पोटात साठतात आणि चहाच्या सुट्टीत सगळ्या एकदम बाहेर पडतात. दोन हजार सालानंतरची दोनेक वर्षं तर एकच विषय होता : आमचे मालक आप्पा आणि त्यांच्या वरच्या दाढा. मी सातवीतून शाळा सोडून त्यांच्याकडे मागावर लागलेला. फारसा बोलत नाही. दवाखान्यात जाताना आप्पा मलाच बरोबर न्यायचे.

•

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी एक्स-रे दिव्यावर लावला. "आप्पा, वरच्या दाढा जाऊन बरीच वर्षं झाली. हाड झिजलंय आणि नाकाशेजारची पोकळी, म्हणजे सायनस, खाली उतरलीय. नवी दाढ बसवायचा इम्प्लांटचा स्क्रू धरायला जागाच नाही. आधी तिथं हाड भरावं लागेल."

आप्पा फोटोकडे बराच वेळ बघत राहिले. "ह्यो जबडा माझाच कशावरनं?"

मॅडमनी कोपऱ्यातलं नाव दाखवलं.

"नाव काय, कुणीबी घालतंय."

शेवटी खालची चांदी भरलेली दाढ फोटोत दिसली, तेव्हा त्यांनी जबडा कबूल केला.

•

मग कुणालाही न सांगता आम्ही इचलकरंजीच्या दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी शब्दाला शब्द तेच सांगितलं.

मला वाटलं, आता आप्पांचं समाधान झालं असेल. जिना उतरताना ते म्हणाले, "बगितलंस? दोघांनी फोनवर ठरवलंय."

•

खरा प्रश्न पुढच्या खेपेला निघाला. "भरणार ते हाड कुणाचं?"

मॅडमनी काही लपवलं नाही. "काही वेळा जनावराचं असतं, शुद्ध केलेलं. काही वेळा प्रयोगशाळेत बनवलेलं. नाहीतर तुमच्याच हनुवटीचं थोडं काढता येतं."

"जनावर म्हंजे कुठलं?"

"बहुतेक गाईचं."

आप्पा लिंगायत, गळ्यात लिंग. घरात अंडंसुद्धा येत नाही. ते खुर्चीवरून उतरले, चपला घातल्या आणि दारात जाऊन थांबले. "हनुवटीचंच काढा. काढल्यालं आदी मला दावा. कमी पडलं तर परयोगशाळेतलं चालंल, पर बाटलीवरचं वाचल्याबिगर न्हाय."

शेडमध्ये हे ऐकून आमचे जुने कारागीर हिंदूराव म्हणाले, "मालक, हनुवटीचं वर भरताय खरं. उद्या दाढी आतनं उगवंल की."

•

सहीच्या कागदावर सगळे धोके होते. सायनसचा पडदा फाटू शकतो, सूज येते, नाकातून रक्त येऊ शकतं, पू होऊ शकतो. सहा ते नऊ महिने थांबायचं आणि तरीही हाड धरलं नाही तर पुन्हा करायचं.

"हे हुनार न्हाय असं लिवून देता?"

"नाही, आप्पा. काळजी घेईन, पण खात्री लिहून देणार नाही."

आप्पांनी सही केली. बाहेर येऊन मला म्हणाले, "बाई खरं बोलती. ह्यात कायतरी हाय."

•

ऑपरेशनच्या दिवशी त्यांचा इंजिनिअर मुलगा मुद्दाम पुण्याहून आला होता. आप्पांनी त्याला शेडवर बसवलं आणि मला नेलं. मला टोपी, मास्क घालून भिंतीपाशी उभं केलं. हनुवटीतून काढलेलं हाड मॅडमनी आप्पांना दाखवलं. थोड्या वेळानं त्या थांबल्या.

"थोडं कमी पडतंय. प्रयोगशाळेतलं मिसळू? यात जनावराचं काही नाही. हवं तर वाचा."

नर्सनं बाटली आप्पांच्या तोंडासमोर धरली. त्यांचं तोंड उघडं, ओठ बधिर. त्यांनी माझ्याकडे हात केला. बाटली माझ्यापुढे आली. बारीक अक्षरात सगळं इंग्रजी. मी पहिल्याच शब्दावर अडकलो. सगळे माझ्याकडे बघत होते. वाचता येत नाही असं त्या खोलीत माझ्या तोंडून निघेना.

मी होकारार्थी मान हलवली. माझं बघून आप्पांनीही हलवली.

•

पुढचे काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, तपकीर बंद, आणि शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची. पण शेडमध्ये कापसाचे तंतू उडतात. तिसऱ्या दिवशी आप्पांनी तोंड उघडून अशी शिंक दिली की हिंदूरावांनी माग बंद केला आणि खाली वाकून बघायला लागले.

"काय बगताय?"

"काय तुटलं ते बगतोय, मालक."

•

हाड धरलं. नऊ महिन्यांनी स्क्रू बसले, आणखी काही महिन्यांनी दाढा. त्या सगळ्या काळात आप्पा पूजेला बसलेले दिसले की माझी मान खाली जायची.

दाढा बसल्यावर आप्पांनी मला घरी जेवायला बोलावलं. ताटात कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी. मी भाकरी मोडून तशीच ठेवली. शेवटी मी म्हणालो, "आप्पा, त्या दिवशी ती बाटली मला वाचायला आली न्हवती. मी उगंच मान हलवली."

आप्पा नव्या दाढेनं भाकरीचा तुकडा चावत राहिले. तो गिळला, पाणी प्याले.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "पोरानं खरंच वाचलं असतं. म्हणून तर त्याला शेडवर बसवून तुला न्हेलं हुतं."